न ऐकणाऱ्या बाई

राजीनाम्याचा एक मेल तुमच्याही ड्राफ्ट्समध्ये पडलेला असेल. अप्रेझलच्या रात्री तावातावाने लिहिलेला, आणि सकाळी ईएमआयची तारीख आठवल्यावर गुपचूप तसाच ठेवून दिलेला. आपल्या पिढीचे राजीनामे साधारण तीन कारणांसाठी असतात. पैसे, बॉस आणि आणखी पैसे. तत्त्वासाठी राजीनामा? छे हो, तो फक्त सिनेमात!

तर मंडळी, आज एका खऱ्याखुऱ्या राजीनाम्याची गोष्ट. खुर्ची साधीसुधी नव्हती, देशाच्या न्यायमंत्र्याची होती. देश जर्मनी, साल १९९५. आणि कारण काय? पोलिसांनी लोकांच्या घरात माइक लावून आतलं बोलणं ऐकावं की ऐकू नये!

बाईंचं नाव साबीने लॉइटहॉयसर-श्नारेनबेर्गर. सिम कार्डच्या फॉर्मवर जेवढे चौकोन असतात, त्यात हे नाव बसायचंच नाही. म्हणून आपण त्यांना सरळ साबीनेबाई म्हणू. पक्ष फ्री डेमोक्रॅट्स, म्हणजे एफडीपी. तसा छोटा आणि उदारमतवादी पक्ष, पण चान्सलर हेल्मुट कोल यांच्या आघाडी सरकारात सामील. मे १९९२ मध्ये बाई न्यायमंत्री झाल्या. या खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्या महिला.

टायमिंग बघा. त्याच वर्षीच्या जानेवारीत पूर्व जर्मनीच्या कुप्रसिद्ध गुप्त पोलिसांच्या, म्हणजे श्टाझीच्या फायली लोकांना बघायला खुल्या झाल्या होत्या. १९८९ मध्ये या श्टाझीकडे सुमारे ९१ हजार पगारी कर्मचारी होते. शिवाय खबरे वेगळे. शेजारी, सहकारी, कधी कधी घरातलंच माणूस. लोक रांगा लावून आपापली फाईल वाचत होते आणि आपल्यावर कोण पाळत ठेवून होतं ते कळल्यावर सुन्न होऊन बाहेर पडत होते. 'सरकारला सगळं माहीत असलेलं बरं' हे वाक्य त्या देशात इतक्या सहज कुणाच्या तोंडून निघत नाही, त्याचं कारण हे.

सेल्स आणि फायनान्स

आता थोडं समजून घेऊ. जर्मन सरकारात गृहमंत्री वेगळा आणि न्यायमंत्री वेगळा. गृहमंत्र्याचं काम सुरक्षा. साहजिकच त्याला सगळं थोडं जास्त हवं असतं. जास्त कॅमेरे, जास्त रेकॉर्ड, जास्त अधिकार. पण फौजदारी तपास कसा करायचा, याचे नियम ज्या कायद्यात आहेत, तो कायदा न्यायमंत्र्याच्या टेबलावर असतो.

ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर गृहखातं म्हणजे सेल्स आणि न्यायखातं म्हणजे फायनान्स. सेल्सवाल्याला क्लायंटला सगळंच कबूल करायचं असतं. फायनान्सवाला चष्म्यावरून बघत विचारतो, "ते ठीक आहे हो, पण ॲप्रूव्हल कुणाचं?" सेल्सला फायनान्स कधीच आवडत नाही. पण ज्या कंपनीत फायनान्सचं कुणी ऐकत नाही, त्या कंपनीचं पुढे काय होतं, तेही आपण पेपरात वाचतोच.

साबीनेबाई म्हणजे असं हाडाचं फायनान्स डिपार्टमेंट.

नव्वदच्या दशकात जर्मनीत संघटित गुन्हेगारीची चर्चा जोरात होती. पोलिसांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं नाही. माफियावाले काही फोनवर कट रचत नाहीत. ते घरात बसून, चहाकॉफी घेत रचतात. मग त्या घरात माइक लावू द्या ना! अडचण एकच होती. जर्मन राज्यघटनेच्या कलम १३ प्रमाणे माणसाचं घर अभंग आहे. म्हणजे आधी घटनाच बदलायला हवी. या प्रस्तावाला जर्मनीत नाव पडलं 'ग्रोसर लाउशआंग्रिफ'. शब्दशः अर्थ, चोरून ऐकण्याचा मोठा हल्ला. नावातच सगळं आलं.

विरोधाचा मुद्दा साधा होता. माइकला काही कळत नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याच्या घरात त्याची बायको असते, मुलं असतात, म्हातारी आई असते, विरजण मागायला आलेली शेजारीण असते. कुठलं वाक्य कटाचं आणि कुठलं नवराबायकोच्या भांडणाचं, हे ऐकल्याशिवाय समजत नाही. आणि ऐकल्यावर समजून उपयोग काय? ऐकून तर झालंच!

१९९५च्या अखेरीला एफडीपीने या प्रश्नावर आपल्याच सदस्यांचं मतदान घेतलं. डिसेंबरमध्ये निकाल आला. सुमारे ६४ टक्के सदस्यांनी माइकच्या बाजूने कौल दिला. म्हणजे विरोधकांनी नाही, स्वतःच्याच पक्षाने बाईंना पाडलं. बाईंनी राजीनामा जाहीर केला आणि जानेवारी १९९६ मध्ये खुर्ची सोडली.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे, ती सुटू नये. बहुमत झालं, ते त्यांनी मान्य केलं. आदळआपट नाही, पक्ष फोडणं नाही. पण त्या बहुमताने सांगितलेल्या कामावर स्वतःची सही करायची, हे मात्र त्यांना मान्य नव्हतं. 'टीमचा निर्णय आहे, मी काय करणार' हे वाक्य आपण मीटिंगनंतर लिफ्टमध्ये किती सहज बोलतो! तो निर्णय राबवायला मी नाही, एवढंच बाई म्हणाल्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या. खासदार मात्र राहिल्या.

हरलेली केस परत उघडते

१९९८ मध्ये घटनादुरुस्ती झाली. त्यासाठी लागणारं दोन तृतीयांश बहुमतही मिळालं. विषय संपला, असं कुणालाही वाटलं असतं.

बाईंना नाही वाटलं. गेरहार्ट बाउम आणि बुर्कहार्ड हिर्श हे पक्षातले दोन जुने जाणते सोबतीला घेऊन त्या कार्ल्सरूहला गेल्या. कार्ल्सरूह म्हणजे जर्मनीच्या घटना न्यायालयाचं गाव. निकाल लागला ३ मार्च २००४ ला. राजीनाम्याला तोवर आठ वर्षं उलटून गेली होती. न्यायालयाने घटनादुरुस्ती राहू दिली, पण ती अमलात आणणाऱ्या कायद्याचा बराच मोठा भाग घटनाबाह्य ठरवला. दोन न्यायाधीश तर याच्याही पुढे गेले. त्यांच्या मते मुळात ती घटनादुरुस्तीच टिकणारी नव्हती.

न्यायालयाने सांगितलं ते थोडक्यात असं. माणसाच्या खासगी आयुष्याचा एक गाभा असतो, आणि तिथे सरकारने कोणत्याही कारणासाठी शिरायचं नाही. घरातल्या अगदी जवळच्या माणसांशी केलेलं मनातलं बोलणं या गाभ्यात येतं. ऐकता ऐकता बोलणं तिकडे वळलं तर रेकॉर्डिंग थांबवायचं. चुकून झालंच तर पुसायचं आणि कुठेही वापरायचं नाही.

'माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मला काय फरक पडतो?' असं म्हणणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला एकच विचारा. बाबा रे, तू बाथरूमला कडी लावतोस, ती काय आत गुन्हा करतोस म्हणून?

लॉग म्हणजे काय रे भाऊ?

माइकचा विषय मिटतो न मिटतो तोच नवा पाहुणा आला. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, १९० हून जास्त माणसं गेली. जुलै २००५ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट झाले, ५२ बळी. लोकलच्या गर्दीत बॉम्ब म्हणजे काय, हे मुंबईकराला समजावून सांगायची गरज नाही. युरोप हादरला. २००६ मध्ये युरोपियन युनियनने फर्मान काढलं की प्रत्येक देशातल्या टेलिफोन आणि इंटरनेट कंपन्यांनी प्रत्येक ग्राहकाचा लॉग किमान सहा महिने साठवून ठेवायचा. बोलणं नाही हं, फक्त लॉग. कुणी कुणाला, किती वाजता, किती वेळ फोन केला आणि मोबाईल कुठल्या टॉवरखाली होता.

फक्त लॉगच ना? मग बिघडलं कुठे?

समजा, सोमवारी तुम्ही एका प्लेसमेंट कन्सल्टंटला दोन मिनिटांचा कॉल केलात. मंगळवारी लंच टाइममध्ये तुमचा फोन दुसऱ्याच कंपनीच्या बिल्डिंगजवळच्या टॉवरखाली तासभर होता. बुधवारी रात्री गावी आईला चाळीस मिनिटं. गुरुवारी सकाळी थेट एचआरला. एक शब्दही न ऐकता कळलं ना काय शिजतंय ते? आता कन्सल्टंटच्या जागी पॅथॉलॉजी लॅब टाका. किंवा घटस्फोटाचे वकील. किंवा मानसोपचारतज्ज्ञ. आलं लक्षात? माणूस बोलताना खोटं बोलू शकतो, लॉग कधीच बोलत नाही.

जर्मनीत याचा एक झकास नमुना सगळ्यांनी पाहिला. माल्टे श्पित्स नावाच्या ग्रीन पक्षाच्या नेत्याने कोर्टाची पायरी चढून आपल्या फोन कंपनीकडून स्वतःचाच सहा महिन्यांचा डेटा मिळवला. पस्तीस हजारांहून जास्त नोंदी! २०११ मध्ये 'त्साइट ऑनलाइन'ने त्या नकाशावर मांडल्या. गडी कधी उठतो, कुठल्या ट्रेनने कुठे जातो, झोपतो कुठे, सगळं पडद्यावर सरकताना दिसत होतं. आणि हा काही संशयित नव्हता. तुमच्या-माझ्यासारखा बिल भरणारा ग्राहक होता.

हा लॉगचा कायदा जर्मन संसदेने नोव्हेंबर २००७ मध्ये केला. मुदत सहा महिने. त्याविरुद्ध जवळपास ३५ हजार लोक घटना न्यायालयात गेले. तक्रारदारांच्या यादीत साबीनेबाईही होत्या, तेव्हा विरोधी बाकावर होत्या.

आणि इथे स्टोरीत ट्विस्ट. ऑक्टोबर २००९ मध्ये एफडीपी परत सत्तेत आली. न्यायमंत्री कोण? साबीनेबाई! जवळजवळ चौदा वर्षांनी त्याच खुर्चीवर. म्हणजे कायद्याविरुद्धच्या फिर्यादीही त्याच आणि तो कायदा ज्या खात्याचा, त्याच्या मंत्रीही त्याच. २ मार्च २०१० ला निकाल आला. कायदा रद्द, आणि साठवलेला डेटा ताबडतोब पुसून टाका.

पण न्यायालयाने दार पूर्ण बंद केलं नव्हतं. डेटा नीट सुरक्षित ठेवा, तो फक्त गंभीर गुन्ह्यांसाठीच वापरा, पारदर्शकता ठेवा, मग असा कायदा होऊ शकतो, असं निकालातच होतं. म्हणजे बाईंची इच्छा असती तर नवा मसुदा दोन-तीन महिन्यांत तयार झाला असता. गृहमंत्री तर त्यासाठी मागेच लागले होते. आधी थोमास द मेझियर, मग हान्स-पेटर फ्रिडरिश. सेल्स विरुद्ध फायनान्स, पार्ट टू.

आधी संशय, मग डेटा

बाईंनी वेगळाच प्रस्ताव पुढे केला. नाव 'क्विक फ्रीज'. कल्पना सोपी आहे. सगळ्या देशाचा डेटा सहा महिने साठवायचा नाही. गुन्हा घडला, कुणावर ठोस संशय आला, की पोलिसांनी कंपनीला सांगायचं, या माणसाचा तुमच्याकडे आत्ता जो डेटा आहे तो पुसू नका, गोठवा. मग न्यायाधीशाकडे जायचं. परवानगी मिळाली तरच डेटा हातात. नाही मिळाली तर कंपनी तो पुसणार.

फरक फक्त क्रमाचा आहे, पण सगळी मेख तिथेच. एका पद्धतीत आधी सगळ्यांचा डेटा घ्यायचा आणि मग त्यातून संशयित शोधायचा. दुसरीत आधी संशय आणि मग त्याच माणसाचा डेटा. पहिल्या पद्धतीत आठ कोटी लोक कायमचे वेटिंग लिस्टवर. उगाच नाही बाई अडून बसल्या.

आता दुसरी बाजूही ऐकायला हवी, नाहीतर आपणही एकतर्फीच. जे आधीच पुसलं गेलं, ते गोठवणार कसं? इंटरनेटवर लहान मुलांच्या अत्याचाराचे फोटो फिरवणारा माणूस शोधायचा तर पुष्कळदा हातात असतो फक्त एक आयपी पत्ता. तो दोन दिवसांत पुसला गेला, तर तपास तिथेच खुंटतो. त्या फोटोतल्या मुलाला कुणीतरी वाचवायचं असतं, आणि त्याला आपल्या तत्त्वचर्चेशी देणंघेणं नसतं. हा प्रश्न खरा आहे आणि बाईंनीही तो खरा मानला. जानेवारी २०११ मध्ये त्यांनी मांडलेल्या मुद्द्यांत आयपी पत्ते सात दिवस साठवण्याची तरतूद होती. झालं! पोलिसवाले म्हणाले, सात दिवस म्हणजे काहीच नाही. प्रायव्हसीवाले म्हणाले, सात दिवस तरी का? दोन्हीकडून शिव्या. मधला रस्ता काढणाऱ्याची ही नेहमीचीच कमाई.

याच विषयावरची आणखी एक लढाई बघण्यासारखी आहे. २००९ मध्ये आधीच्या सरकारने कायदा आणला होता की अशा फोटोंच्या वेबसाइट्स ब्लॉक करायच्या. म्हणजे साइट उघडायला गेलं की समोर 'स्टॉप'चा बोर्ड. ऐकायला बरं वाटतं. पण ते फोटो सर्व्हरवर तसेच! बोर्डाला वळसा घालून जायला फार डोकं लागत नाही. एफडीपीचं आणि बाईंचं म्हणणं होतं, ब्लॉक कसले करता, डिलीट करा. सर्व्हर शोधा आणि तिथूनच उडवा. डिसेंबर २०११ मध्ये जर्मन संसदेने तो ब्लॉकिंगचा कायदा मागे घेतला. खासगीपणाची बाजू घेणारा माणूस सुरक्षेच्या विरोधातच असतो, हा समज इथे साफ खोटा पडतो. पडदा टाकण्यापेक्षा घाण उचलणं जास्त सुरक्षित, नाही का?

आणि लॉग नसल्यामुळे गुन्हे उकलेनासे झाले का? फ्रायबुर्गच्या माक्स प्लांक संस्थेने न्यायखात्यासाठी याचा अभ्यास केला. तो २०१२च्या सुरुवातीला लोकांसमोर आला. गुन्हे उकलण्याच्या प्रमाणात लॉगच्या कायद्यावाचून फरक पडल्याचं त्यात दिसलं नाही. उपलब्ध आकडेवारी तोकडी आहे, अशी टीका त्यावर झालीच. पण 'लॉग नसेल तर देश बुडेल' म्हणणाऱ्यांनाही मग आकडे शोधायला लागले.

युरोपियन कमिशनचा संयम मात्र सुटला. मे २०१२ मध्ये जर्मनीला युरोपच्या न्यायालयात खेचलं गेलं. मागणी काय, तर कायदा होईपर्यंत रोज तीन लाख पंधरा हजार युरोंहून जास्त दंड. रोज! आपल्या क्रेडिट कार्डाची लेट फी बरी म्हणायची. बाई तरीही हलल्या नाहीत.

सप्टेंबर २०१३च्या निवडणुकीत एफडीपीला ४.८ टक्के मतं पडली. तिथे पाच टक्क्यांच्या खाली गेलं की साधारणपणे संसदेतूनच बाहेर. मंत्रिपद गेलं, खासदारकीही गेली. आणि चारच महिन्यांनी? डिसेंबरमध्ये खुर्ची सोडली आणि ८ एप्रिल २०१४ ला युरोपच्या न्यायालयाने ते २००६चं मूळ फर्मानच रद्द केलं. सगळ्यांचा डेटा सरसकट साठवणं म्हणजे मूलभूत हक्कांवर गदा, असा निकाल. ज्या नियमापायी दंडाची नोटीस आली होती, तो नियमच उडाला! बाई खुर्चीवर असत्या तर नक्की एक कॉफी मागवली असती.

आपल्याकडे?

आता फार वेळ घेत नाही. आपल्याकडे टेलिकॉम कंपन्यांनी कॉलचे रेकॉर्ड किमान किती काळ ठेवायचे, माहितीय? आधी एक वर्ष होतं, डिसेंबर २०२१ पासून दोन वर्षं. जर्मनीत सहा महिन्यांवरून ३५ हजार लोक कोर्टात गेले. आपल्याकडे दोन वर्षं झाली तेव्हा ती बातमी आपल्यापैकी किती जणांनी वाचली? ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला. त्यात कंपन्यांवर बंधनं आहेत, पण देशाची सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकतं. सूट असूच नये, असं कुणी म्हणत नाही. पण ती मागायला गृहखातं आलं की चष्म्यावरून बघणारं कुणीतरी समोर हवं.

तिकडेही सगळं आलबेल झालंय असं समजू नका. जर्मनीने २०१५ मध्ये लॉगचा नवा कायदा केला, तो युरोपच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपच्या कायद्याशी विसंगत ठरवला. २०२५ मध्ये आलेल्या आघाडी सरकारच्या करारात आयपी पत्ते तीन महिने साठवायचा मुद्दा पुन्हा आहेच. हा विषय वॉशिंग मशीनमधल्या मोज्यासारखा आहे, दर वेळी कुठूनतरी वर येतो.

म्हणून पुढच्या वेळी सुरक्षेच्या नावाने नवा कायदा, नवं ॲप किंवा सोसायटीच्या गेटवरचं नवं रजिस्टर समोर आलं, की चारच प्रश्न विचारा. माहिती संशयिताची घेणार की सगळ्यांची? ठेवणार किती दिवस? बघायची परवानगी कोण देणार? आणि मुदत संपल्यावर ती पुसणार कोण? उत्तरं पटली तर खुशाल सही करा. सुरक्षा आपल्यालाही हवीच आहे.

आणि 'कुणाचं ऐकत नाही' म्हणून घरी-दारी बोलणी खाणाऱ्या समस्त मंडळींनो, खूश व्हा. एका बाईंनी आयुष्यभर लोकांचं चोरून ऐकायला नकार दिला, पक्षाचंही ऐकलं नाही, ब्रसेल्सचंही ऐकलं नाही. आणि शेवटी न्यायालयांनी त्यांचं ऐकलं.